खजुराखालचा कोड

आमच्या कोकणातल्या शाखेत तेव्हा मॅनेजरच्या टेबलावर जाड काच असायची आणि काचेखाली चिठ्ठ्याचपाट्यांवर साहेबांचं सगळं ज्ञान. आता सगळं मोबाइलवर मिळतं. पण ती काच मला अजून आठवते, ती रुकय्याबी परकारांमुळे.

त्यांचा मुलगा मस्कतला होता. रजेवर आलेला शेजारचा इक्बाल दुसऱ्या दिवशी तिकडे परत निघणार होता. त्याच्याबरोबर बँकेचा परदेशी कोड लिहून पाठवला, तरच मुलाला थेट खात्यात पैसे पाठवता येणार होते. नाहीतर पुढचा माणूस जाईपर्यंत सहा महिने थांबा!

नवे मॅनेजर बेंद्रेसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "अकरा अक्षरांचा कोड आहे, बाई. एक अक्षर चुकलं तर पैसे भलत्याच देशात. वाचता न येणाऱ्याच्या हाती मी चिठ्ठी देत नाही. असल्या गोष्टी डोक्यात ठेवायच्या असतात."

रुकय्याबींनी पिशवीतून मुलानं धाडलेला खजुराचा पुडा काढला आणि अदबीनं साहेबांपुढे काचेवर ठेवला.

"खरं आहे साहेब. मग तुम्ही एकदा म्हणून दाखवा. मी ऐकून डोक्यात ठेवते."

साहेबांनी बँकेची पहिली चार अक्षरं ठणकावून म्हटली. देशाची दोनही म्हटली. मग नजर सवयीनं काचेकडे गेली, तर तिथे खजूर. आम्ही कारकून लेजरमध्ये तोंड खुपसून हसत होतो.

"लिहूनच देतो," साहेब पुटपुटले.

"लिहा की," रुकय्याबी म्हणाल्या. "पुडा उचलू का?"