टिमकीची चिठ्ठी बसमध्ये राहिली

एक होती बेडकी. नाव तिचं टिमकी. एवढीशी! तुझ्या अंगठ्याएवढी. राहायची गावच्या विहिरीत.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. टिमकी निघाली शहरात, मावशीकडे. आईनं तिला दोन वस्तू दिल्या. एक चिठ्ठी अन् एक बाटली. चिठ्ठीत मावशीचा पत्ता. बाटलीत विहिरीचं पाणी. बाटली तरी केवढी? औषधाची असते ना, तेवढी!

आई म्हणाली, "टिमके, अंग सुकलं की थेंब थेंब शिंपड. पाणी संपायच्या आत मावशीकडे पोच. बेडकाचं अंग सुकलं, की बेडकाचं काही खरं नाही!"

"हो गं आई, कळतं मला!" टिमकी म्हणाली.

कळतं म्हणे! बघा आता बाईसाहेब काय करतात.

टिमकी शहरात उतरली. समोर उभी लाल बस. चिठ्ठी न वाचताच टिमकी चढली, टुपुक! आत माणूस नाही, नुसते रुमाल. या बाकावर रुमाल, त्या बाकावर रुमाल. लोक जागा धरून खाली उतरले होते. टिमकीजवळ रुमाल कुठला? तिनं खिडकीजवळ चिठ्ठीच ठेवली. "ही जागा माझी!" अन् उतरली खाली, अंगावर पाणी शिंपडायला. शिप् शिप्!

तेवढ्यात बसचं दार मिटलं. फट्टाक!

चिठ्ठी आत. टिमकी बाहेर. अगं बाई गं! आता मावशीचं घर कसं सापडायचं?

टिमकी म्हणाली, "बसताई, बसताई, दार उघड ना!
चिठ्ठी मला मिळेना,
मावशी मला भेटेना!"

बस म्हणाली, "छे छे! ड्रायव्हर चढत नाही, तोवर दार उघडत नाही!"

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टिमकी गेली ड्रायव्हरकाकांकडे. काका झाडाखाली बसले होते, गाल फुगवून.

"काका, काका, बसवर चढा ना!
बस दार उघडेना,
चिठ्ठी मला मिळेना,
मावशी मला भेटेना!"

काका म्हणाले, "छे छे! घोटभर चहा मिळत नाही, तोवर बसवर चढत नाही!"

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टिमकी गेली चहाच्या टपरीवर. तिथं होत्या अक्का.

"अक्का, अक्का, चहा टाका ना!
काका बसवर चढेनात,
बस दार उघडेना,
चिठ्ठी मला मिळेना,
मावशी मला भेटेना!"

अक्कांनी रिकामं पातेलं वाजवलं. ठण् ठण् ठण्! "छे छे! नळाला पाणी येत नाही, तोवर चहा होत नाही!"

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टिमकी गेली टपरीमागं, नळाजवळ. नळाखाली होता एक खड्डा. खड्ड्यातला चिखल सुकून तडकलेला. त्यावर टिमकीनं उड्या मारल्या.

"नळदादा, नळदादा, पाणी सोड ना!
अक्का चहा टाकेनात,
काका बसवर चढेनात,
बस दार उघडेना,
चिठ्ठी मला मिळेना,
मावशी मला भेटेना!"

नळ म्हणाला, "फुस्स! छे छे! चावी फिरत नाही, तोवर पाणी येत नाही!"

"कुठली चावी?"

"रस्त्याखाली पाण्याचा पाइप असतो. त्याची ही मोठ्ठी लोखंडी चावी. चावीवाले आजोबा फिरवतात. जा, पुढच्या थांब्यावर बसलेत बघ."

ऊन रणरणत होतं. पाय चटचट भाजत होते. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टिमकी गेली आजोबांकडे.

"आजोबा, आजोबा, चावी फिरवा ना!
नळ पाणी सोडेना,
अक्का चहा टाकेनात,
काका बसवर चढेनात,
बस दार उघडेना,
चिठ्ठी मला मिळेना,
मावशी मला भेटेना!"

आजोबा म्हणाले, "बाळा, ही चावी माझ्याहून जड. पायी कशी नेऊ? लाल बस येत नाही, तोवर चावी फिरत नाही!"

लाल बस? अरे देवा! तीच की टिमकीची बस!

बस थांबली ड्रायव्हरसाठी. ड्रायव्हर थांबला चहासाठी. चहा थांबला पाण्यासाठी. पाणी थांबलं चावीसाठी. अन् चावी थांबली बससाठी! आता जायचं कुणाकडे? कुणीच उरलं नाही.

टिमकी परत आली. टुपुक... टुपुक. टपरीपाशी बसली अन् ढसाढसा रडली. "आई गं, मला घरी यायचंय!" पण घर तर किती लांब! अंग सुकलेलं. बाटलीत पाणी उरलं होतं घोटभर.

घोटभर?

काकांना चहा हवा होता किती? घोटभर!

टिमकीनं बाटली घट्ट धरली. हे पाणी दिलं, तर अंगावर काय शिंपडायचं? तिला फार फार भीती वाटली. मग तिनं डोळे मिटले अन् बाटली पुढं केली. "घ्या अक्का. टाका चहा."

"अगं पोरी, अन् तुला गं?" अक्का म्हणाल्या.

"टाका लवकर!"

खळ्ळ! पाणी पातेल्यात. चहा झाला घोटभर. काका प्यायले, भुर्रर्र! काका बसवर चढले. बसनं दार उघडलं. काकांनी चिठ्ठी आणून मोठ्यानं वाचली, "चहाच्या टपरीमागं, नळाखालचा ओला खड्डा."

टिमकी मट्कन खाली बसली. "तिथं तर ओलं काहीच नाही!"

कशीबशी गेली ती खड्ड्यापाशी. "मावशे! ए मावशे!" ओ नाही. "मावशे गं!" ओ नाही. आता टिमकीला उडीसुद्धा मारवेना. ती तिथंच आडवी झाली.

पण तिकडं काय झालं? लोक चढले. बस निघाली, घर्रर्र! पुढच्या थांब्यावर आजोबा चढले. चावीच्या जागी उतरले. चावी फिरली, कर्रर्र कर्रर्र! अन् नळ म्हणाला, फुस्स... फुस्स... भस्स्स!

पाणीच पाणी! टिमकीच्या डोक्यावर पाणी, पाठीवर पाणी. खड्ड्यात चिखल झाला, मऊ मऊ. चिखल हलला. त्यातून आले दोन डोळे.

"डराँव! कोण गं ते माझ्या दारात?"

"मावशे! मी टिमकी!"

"आलीस होय! पाणी नव्हतं ना, म्हणून मी खोल चिखलात झोपले होते. अन् मघाशी माझ्या डोक्यावर टुपुक टुपुक कोण नाचत होतं? तूच होय गं!"

टिमकी हसली अन् मावशीला घट्ट बिलगली.

अक्का आल्या मागून. त्यांच्या हातात टिमकीची बाटली. घोटभर घेतलं होतं, काठोकाठ भरून आणलं.

नळाला आलं पाणी, भिजली सारी कहाणी. ज्यानं ऐकली, त्यानं आता घोटभर पाणी प्यायचं!