वाघिणीचा सुळा

फार मागे, सालईच्या रानात एका वाघिणीचा सुळा तुटला. शिकार थांबली आणि पिल्लं उपाशी राहिली. ठकी नावाच्या सुतारपक्षिणीने डिंक लावून तुकडा दोनदा बसवला, पण दोन्ही वेळा तो निसटला.

"तुझा डिंकच खोटा!" वाघीण गुरगुरली.

"डिंक खराच आहे, बाई. पण तुमचा दात गुळगुळीत आणि ओला. तो मी खरवडून घेते. मात्र लाळ सुटली किंवा जबडा हलला, तर ब्रह्मदेवालाही तुकडा चिकटवता येणार नाही."

ठकी पुन्हा त्या जबड्यात शिरली. तिने दात स्वच्छ केला, चोचीने खरवडला, पंखांनी वारा घालून सुकवला आणि डिंक लावून तुकडा दाबून धरला. तेवढ्यात समोर पाणवठ्यावर हरणं उतरली. वाघीण पाच दिवसांची उपाशी! ठकीने तुकडा आणखी घट्ट दाबला.

वाघिणीने डोळे मिटले, श्वास आवरला. जबड्याची एक शीरही हलली नाही. हरणं पाणी पिऊन सावकाश निघून गेली, तरी ती तशीच होती.

डिंक दगडासारखा झाला. दुसऱ्या दिवशी पिल्लांनी पोटभर खाल्लं.

ठकीने आजवर शेकडो झाडं कोरली होती. एवढं निश्चल झाड मात्र तिला कधी भेटलं नव्हतं.