वाऱ्याचे बाण

एका राज्यात बाण सोडून गप्प बसलेल्या माणसा, तू कोण होतास? दोरीचा वळ तुझ्या बोटांवर ताजा होता आणि तू खाली पायांकडे पाहत होतास. तुला तीनदा विचारले, तिन्ही वेळा तू तोंड उघडले नाहीस. तुझ्या त्या गप्प बसण्याने एका निरपराध माणसाचे हात लाकडाचे झाले. तू शिलेदार अस, सरदार अस, कोणीही अस. आधी हा आरोप ऐक, आणि मग गोष्ट.

त्या राज्याचा राजा धवलसेन. त्याच्या पदरी एकोणचाळीस तिरंदाज होते, आणि राजा धरून चाळीस. सगळ्यांचे बाण सोमा तीरगर घडवी. बोरूच्या सरळ कांड्या, पांढरी पिसे, पोलादी टोके. सोमाचे बाण इतके सारखे असत की चाळीस शेजारी मांडले तर एक वेगळा ओळखता येत नसे. सोमाला याचाच अभिमान होता, आणि राज्यालाही ते सोयीचे होते. कारण तिथला रिवाजच तसा होता: शिकारीत लागलेला बाण राजाचा धरायचा आणि चुकलेला वाऱ्याचा. त्यामुळे राजाचा नेम कधी चुकला नाही आणि इतरांचा कोणी मोजला नाही.

एकदा रानात हरणाचा कळप दिसला. चाळीस बाण एकदम सुटले. हरीण पडले, राजाचा जयजयकार झाला. तेवढ्यात झाडीतून जादूगारीण कालिंदा बाहेर आली. तिच्या हातावर तिचा लाडका भारद्वाज होता, बोलणारा, तांबूस पंखांचा. एका पंखातून बाण आरपार गेला होता.

"हा कोणाचा?" तिने विचारले.

एकेक जण पायांकडे पाहू लागला. तिने तीनदा विचारले. शेवटी प्रधान म्हणाले की बाई, चुकलेला आहे, तेव्हा वाऱ्याचा.

"ठीक," कालिंदा म्हणाली. "यापुढे तुमचे सारे बाण वाऱ्याचेच होवोत. आणि धनी नसेल तर घडवणारा तरी आहे. त्याचे हात लाकडाचे होवोत. सात वर्षांत ते लाकूड काळजापर्यंत पोचेल. ज्याचा बाण, त्याने 'माझा' म्हणावे. मग शाप सुटेल."

त्या दिवसापासून राज्यात सुटलेला प्रत्येक बाण वारा उचलून नेई. कुठे नेई कोणी पाहिले नाही. आणि सोमा तीरगर, जो त्या रानात गेलाही नव्हता, घरी पिसे कापत बसला असताना त्याची बोटे कडक झाली. पहिल्या वर्षी बोटे गेली, दुसऱ्या वर्षी मनगटे. सहा वर्षे अकरा महिने झाले तेव्हा खांद्यांवर साल चढली होती आणि उजव्या कोपराला एक पान फुटले होते.

त्याची मुलगी बकुळा त्याला भरवी. शाप पडला तेव्हा ती बारा वर्षांची होती, आता एकोणीस पुरी होत आली होती. ती रोज कोणा ना कोणा तिरंदाजाच्या दारात उभी राही आणि विचारी, तुमचा होता का? कोणी पाणी देई, कोणी दार लावून घेई. तेरा दिवस उरले तेव्हा तिने बापाचे धनुष्य आणि त्याने पूर्वी घडवलेल्या बाणांचा भाता खांद्याला अडकवला आणि कालिंदेच्या रानाची वाट धरली.

कालिंदा हिवराच्या झाडाखाली गवताच्या दोऱ्या वळत बसली होती. खालच्या फांदीवर भारद्वाज होता, एक पंख मिटलेला. बकुळेने नमस्कारही केला नाही. म्हणाली, "तो बाण माझा होता. शाप उचला."

भारद्वाज खोकल्यासारखे हसला. त्याने सांगितले की सात वर्षांपूर्वी हे धनुष्य तिच्याहून वीतभर उंच होते.

"उसन्या शब्दाने शाप सुटत नाही," कालिंदा म्हणाली. "तुमच्या राज्यात 'माझा' म्हणायची कोणाला सवयच नाही. आधी एक बाण असा सोड की जो खरोखर तुझा असेल. माझ्या डोळ्यांपुढे नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे."

"बाण आपला कसा होतो?"

"हा प्रश्न मात्र बरा आहे," भारद्वाज म्हणाला आणि झाडावरून तिच्या खांद्यावर उतरला. "तीन कामे सांगतो."

पहिले काम डोळ्याचे. दूर टेकडीवर एक ताड होता. पाखराने तिला दोन्ही हात लांब धरायला लावले, तळवे एकमेकांवर, मध्ये बोराएवढी फट, आणि त्या फटीतून ताडाचा शेंडा पाहायला सांगितला. मग उजवा डोळा मिटायला लावला. शेंडा होता तिथेच राहिला. मग डावा मिटला, तर शेंडा नाहीसा झाला. बकुळेने पुन्हा करून पाहिले, पाच वेळा, दहा वेळा. दोन डोळे असून एकच धनी निघतो याचे तिला नवल वाटले. शेंडा जागचा न हलता जातो कुठे, हेही तिने विचारले. पाखरू म्हणाले की शेंडा कुठेही जात नाही, तूच दुसऱ्या जागेवरून पाहतेस. तुझा धनी डोळा डावा आहे. धनुष्य उजव्या हातात घे आणि दोरी डाव्याने ओढ.

"आमच्याकडे सगळे उजव्या हाताने ओढतात."

"सगळ्यांना विचारले होते का, तुमचा डोळा कोणता?"

कोणी विचारले नव्हते.

दुसरे काम पायांचे. ओढ्यात एक सपाट काळा दगड होता. त्यावर उभे राहायचे, पाय खांद्याइतके फाकलेले, बाजू लक्ष्याकडे, पाठ ताठ. दोरी ओढून हात ओठांच्या कोपऱ्याशी टेकवायचा, रोज, दर वेळी, त्याच जागी. बकुळा चढली आणि तिला कळले की तो दगड नसून कासव आहे, तीनशे वर्षांचे. भार एका पायावर गेला की ते दुसरीकडे चालू लागे. पहिल्या दिवशी ती अकरा वेळा पाण्यात पडली. दुसऱ्या दिवशी वैतागून तिने ओढलेली दोरी बाण न लावताच सोडून दिली. धनुष्य कडाडले आणि काठीला बारीक चीर गेली.

पाखरू पहिल्यांदाच ओरडले. रिकामी दोरी कधी सोडू नये, बाण नसला की तडाखा धनुष्याला बसतो. ओढलीस तर हळू परत आण. बकुळा तशीच पाण्यात बसली. बापाचे एकुलते धनुष्य होते. मग तिने चिरेवर ओला रेशमी दोरा घट्ट गुंडाळला, तो वाळेपर्यंत थांबली, आणि थांबणे हेही कामातच येते हे तिला त्या दिवशी समजले, जरी आवडले नाही. पाचव्या दिवशी कासव झोपी गेले.

तिसरे काम बोटांचे. बाणाच्या वर एक बोट, खाली दोन. ओढलेल्या हाताच्या मनगटावर एक पिवळे फुलपाखरू येऊन बसे. बाण जाऊ द्यायचा, फुलपाखरू उडता कामा नये. बकुळा दोरी झटक्याने उडवी आणि फुलपाखरूही उडे.

"तुमच्याकडे बाणाचे काय करतात?" पाखराने विचारले.

"मारतात."

"म्हणून. बाण मारायचा नसतो, सोडायचा असतो. बोटांनी काही करू नकोस. फक्त धरायचे थांबव."

हे ऐकायला सोपे होते. त्याला चार दिवस लागले. दहाव्या सकाळी बाण गेला आणि फुलपाखरू पंख मिटून बसून राहिले. अर्थात बाण रानाच्या हद्दीबाहेर गेला तसा वाऱ्याने नेला, पण बकुळेने बराच वेळ मनगट हलवले नाही.

कालिंदेने वळलेल्या दोऱ्यांची एक जाड चकती केली होती, पुरुषभर उंच. तिच्यावर एकात एक पाच वर्तुळे होती: बाहेर पांढरे, मग काळे, निळे, तांबडे आणि मधोमध पिवळे. ती चकती चाकासारखी आपोआप गडगडत, भारद्वाजाला खांद्यावर घेतलेल्या बकुळेच्या मागे राजधानीला निघाली. दोन दिवसांच्या वाटेत चकतीने एकदाही विसावा घेतला नाही.

शापाचा शेवटचा दिवस उजाडला. सोमाला खाटेवर घालून मैदानात आणले होते. त्याला मान वळवता येत नव्हती. छातीच्या डाव्या बाजूला साल चढायची तेवढी राहिली होती.

गावाने चकतीला गराडा घातला. हा कोणता प्राणी, असे एकाने विचारले. प्राणी नव्हे, नुसते गवत, हे ऐकून लोक आणखी बुचकळ्यात पडले. सेनापती खंडेराय म्हातारे झाले होते, पण त्यांचेही कुतूहल चाळवले.

"यात मरते कोण?"

"कोणीच नाही."

"मग जिंकले कोण ते कळायचे कसे?"

बकुळेने समजावले की पिवळ्यात लागला तर दहा गुण आणि बाहेर जावे तसे कमी. पांढऱ्याला एक, चकती चुकली तर शून्य. आणि शून्यसुद्धा ज्याचे त्याच्याच नावावर. शेवटचे वाक्य लोकांना रुचले नाही.

पन्नास पावलांवर तिने पाय रोवले. पहिला बाण सोडला. वारा आला आणि घेऊन गेला. दुसरा सोडला, तोही गेला. गर्दीने सुस्कारा टाकला आणि काही जण घरी निघाले.

डोळा बरोबर होता. पाय बरोबर होते. बोटेही. मग चुकते काय? बकुळेने तिसरा बाण डोळ्यांजवळ धरून उलटसुलट पाहिला. पांढरी पिसे, गुळगुळीत कांडी, बापाने घडवलेल्या इतर हजारांसारखा. तिने ढिगात टाकला असता तर तिला स्वतःलाही सापडला नसता. वाऱ्याने तरी कसे ओळखावे?

ती खाटेपाशी गेली. "बाबा, याच्यावर खूण करू का?"

सोमाने चाळीस वर्षांत बाणावर ओरखडा सहन केला नव्हता. एक बाण वेगळा दिसला की तो रात्रीचे जेवण टाकी. त्याची नजर त्या गुळगुळीत कांडीवरून दोनदा फिरली. सालीचा कडकड आवाज तेवढा येत होता.

"खरवड," तो म्हणाला.

तिने चाकूने कांडीवर तीन तिरप्या रेघा ओढल्या. कपाळाचे कुंकू बोटाने पुसून एका पिसाला लावले. मग पुन्हा उभी राहिली, ओठांच्या कोपऱ्याशी हात टेकवला आणि सोडला.

वारा आला. बाणाभोवती एकदा फिरला, हुंगल्यासारखा, आणि निघून गेला. बाण सरळ गेला आणि चकतीच्या डाव्या अंगाने वीतभर अंतर ठेवून मातीत रुतला.

प्रधान मनाने वाईट नव्हते. पोरीची लाज राखावी म्हणून ते घाईने म्हणाले, "वाऱ्याचा!"

"नाही," बकुळा म्हणाली. "माझा. लागतो की नाही ते पाहायला मी आधीच मान उचलली, म्हणून चुकला. तो माझा आहे."

घरी निघालेले परत फिरले. असे वाक्य त्या राज्यात कोणी ऐकले नव्हते. खांद्यावरच्या भारद्वाजाने विचारले, "आणि सात वर्षांपूर्वीचा?"

"तो माझा नव्हता." ती लोकांकडे वळली नाही, बापाकडे पाहत राहिली. साल आता काळजापासून अंगठाभर अंतरावर आली होती.

तेव्हा खंडेराय पुढे झाले. त्यांनी सांगितले की त्या दिवशी चाळीस बाण एकदम सुटले. एक हरणाला लागला, अडतीस गवतात सापडले, एक पाखराला. "माझा कोणता ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "माहीत नव्हते, आणि माहीत करून घ्यायचे नव्हते. तो माझा असू शकतो."

तर सुरुवातीला ज्याला गप्प बसलेला म्हटले, तो एकटा नव्हता. आणि त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते की तो आपणच. म्हणून आरोप कमी होत नाही, वाटला मात्र जातो. एक शिलेदार उठला आणि म्हणाला, माझा असू शकतो. मग दुसरा. मग ज्याने बकुळेच्या तोंडावर दार लावले होते तो. एकोणचाळीस झाले, तरी साल थांबली नाही.

राजा धवलसेन मैदानात मांडलेल्या सिंहासनावरून उतरला. "हरणाला लागलेला माझा, असे तुम्ही म्हणालात," तो म्हणाला. "मी डोळे मिटून सोडला होता. मी नेहमीच मिटतो. पाखराचा माझा असू शकतो."

भारद्वाजाने पंख उघडला, दोनदा झटकला आणि हिवराच्या दिशेने उडून गेला. सोमाच्या अंगावरची साल भुईमुगाच्या टरफलासारखी तडकली आणि आतून माणसाचे हात निघाले, फिकट, सुरकुतलेले. त्याने ते आधी मुलीच्या डोक्यावर ठेवले. मग तिच्याकडून तो कुंकवाचा बाण मागितला, उजेडात धरला आणि रेघा समान अंतरावर नाहीत असे बोलून दाखवले.

पुढच्या वर्षी प्रत्येकाने आपल्या बाणांना आपली खूण केली. प्रत्येकाचा धनी डोळा तपासला गेला आणि नऊ जणांनी हात बदलला. गवताची चकती मैदानात कायमची उभी राहिली आणि दर वर्षी तिथे सामने होऊ लागले, ज्यांत कोणी मरत नसे. बाण आणायलाही नोकर ठेवले नव्हते. सोडणाऱ्याने स्वतः जायचे.

पहिल्याच सामन्यात राजाने डोळे उघडे ठेवून बाण सोडला. तो चकतीवरून गेला, कुंपणावरून गेला आणि गोदा गवळणीच्या गोठ्यात पडला. राजा मैदान ओलांडून गोठ्याच्या दाराशी आला तेव्हा गोदा धार काढत होती. निळ्या पिसाचा कोणाचा, असे तिने मान न वळवता विचारले. राजाने सांगितले, माझा.

"मग आत या, महाराज," गोदा म्हणाली. "शेणात रुतलाय. आणि तो मुकुट बाहेरच ठेवा, म्हैस बुजते."