वीस मिनिटं पालथं

“मग मूळ कुठे आहे?” रेडिओलॉजी विभागाच्या उंबरजकर सरांनी विचारलं.

“कुठेच नाही, सर.” डॉक्टर शार्दूलने अहवाल पुढे केला. परीक्षेत पहिला आलेला मुलगा. कागद पुढे करण्यातही ते दिसे.

हौसाबाईंच्या काखेत कॅन्सरची गाठ निघाली होती. पेशी स्तनाच्या होत्या. पण स्तन हाताला साफ, मॅमोग्राफीत साफ. राहिला एमआरआय. तोही आज झाला. जागा सापडली नाही, तर सर्जन येत्या सोमवारी अख्खा स्तन काढणार होते.

“चित्रं धुरकट आहेत.”

“बाई हलल्या. तीनदा बजावलं होतं.”

“का हलल्या?”

“ते मी कसं सांगू, सर? पेशंट हलतातच.”

सर उठले. शार्दूलला घेऊन बाहेरच्या बाकाशी आले. हौसाबाई तिथे बसल्या होत्या. बार्शीच्या कासारीण. चाळीस वर्षं बायकांना बांगड्या भरलेल्या.

“बाई, का हललात?”

“मुद्दाम न्हाई हो. वीस मिनिटं पालथं पाडलं, हात डोक्याच्या वर, छातीचं हाड फळीवर. त्यात त्या मशीनची ठोकाठोकी. श्वासच कोंडला.” त्यांनी शार्दूलकडे पाहिलं. “तुमी एकदा निजून बघा की, डॉक्टर.”

शार्दूल हसला.

सर हसले नाहीत.

“नीज,” ते म्हणाले.

“मी…?”

“घड्याळ काढून ठेव. नीज.”

आत मशीनच्या फळीवर शार्दूल पालथा झाला. मशीन ठोकू लागलं. सर काचेपलीकडे बसून राहिले.

तो बाहेर आला तेव्हा कपाळावर वळ उठला होता.

“वीस मिनिटं झाली ना, सर?”

“सात.”

“हललास?” सरांनी विचारलं.

“हो.”

“किती वेळा?”

शार्दूलने कपाळावरचा वळ चोळला.

दोन दिवसांनी हौसाबाईंना पुन्हा बोलावलं. शार्दूलने स्वतः त्यांच्या छातीच्या हाडाखाली चादरीची घडी सरकवली. कपाळाखाली मऊ उशी दिली.

“इथे टोचतंय? आणि इथे?”

“किती इचारता! करा की सुरू.”

शिरेतून औषध गेलं. मशीन ठोकू लागलं. आवाज थांबला की शार्दूल माइकवर सांगे, “बारा मिनिटं राहिली, बाई… आता आठ.”

बाई हलत नव्हत्या.

पडद्यावर चित्र उमटलं. स्वच्छ. स्तनात खोलवर मुगाएवढा ठिपका उजळला होता.

सुई घालून तपासलं. मूळ गाठ तीच होती. सर्जन म्हणाले, अख्खा स्तन काढायला नको, तेवढाच भाग काढू.

शार्दूल नवा अहवाल घेऊन जवळजवळ पळतच सरांच्या खोलीत आला.

“सर, मी शोधली!”

सरांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. सही केली. कागद परत दिला.

“शोधली बाईंनी. तू पाहिलीस.”