चार नावांचं बारसं

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात नावांची फार टंचाई होती. धान्य होतं, पाणी होतं, नावंच पुरत नव्हती. सगळं गाव ख्रिस्ती. ज्याला त्याला पवित्र शास्त्रातलंच नाव हवं आणि तेही ओळखीचं हवं. मग काय, घरोघरी योहान, पेत्र, दावीद, याकोब. चावडीपाशी उभं राहून "अरे याकोबा!" म्हटलं की सात-आठ माना वळायच्या. गिरणीवाला याकोब, शेळ्यावाला याकोब, बोळका याकोब. शीमोन, हसू नकोस, तुझ्या वर्गात किती शीमोन आहेत ते मला ठाऊक आहे.

आपल्या गोष्टीतला होता तो तळ्याकाठचा याकोब. स्वभावाने गरीब. पण जन्मभर त्याने दुसऱ्याच्या हाकेला ओ दिली होती. जेवायला बोलावलंय म्हणून धुतलेला सदरा घालून जावं, तर आमंत्रण दुसऱ्याच याकोबाला. मग तसंच उपाशी परत यावं. असं झालं की माणसाच्या मनाला लागतं, बरं का.

मग फार वर्षांनी त्याला आणि त्याच्या बायकोला, सुवार्तेला, मुलगा झाला. डोक्यावर काळंभोर जावळ आणि मुठी घट्ट मिटलेल्या. सुवार्ता त्याला खाली म्हणून ठेवीना.

याकोब म्हणाला, "याचं नाव असं ठिवीन, की धा गावांत कुणाचं नसंल."

सुवार्ता म्हणाली, "ठिवा की. पर गोड असू द्या."

ते पुढचं त्याने ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही केव्हाच झोपला असता.

मग बारसं ठरलं. याकोबाची थोरली बहीण, सलोमी आत्या, डोंगरापलीकडून आली. रीत आपलीच. आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं आणि जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. आत्या वाकली, नाव सांगितलं. मथुशलह! दणादण धपाटे पडले, पेढे वाटले, आत्या घरी गेली.

पण त्या बाळाचे कान साधे नव्हते. त्यात नाव गेलं की ते अंगभर पसरायचं. आता मथुशलह म्हणजे कोण? शास्त्रातला सगळ्यांत म्हातारा माणूस, नऊशे वर्षांच्या वर जगलेला. सकाळी सुवार्तेने पाळण्यात पाहिलं, तर बाळाला बेंबीपर्यंत पांढरी दाढी! बाळ खोकतंय, कण्हतंय, गुडघे चोळतंय. सुवार्तेने हंबरडाच फोडला. अजून लेकराचं पहिलं हसू पाहिलं नव्हतं आणि लेकरू म्हातारं झालं.

मग आत्याला बोलावणं गेलं. तिने कानाला तोंड लावून नाव ओढून घेतलं आणि फूऽऽ करून खिडकीबाहेर सोडलं. दाढी गेली. मग ती म्हणाली, "याकोबा, नीट ऐक. कानातलं नाव तीनदाच निघतं. चौथं आत गेलं की मरंपर्यंत तिथंच."

शहाणा माणूस तिथेच थांबला असता. याकोब पुन्हा शास्त्र चाळायला बसला. आणि काय नाव काढलं? नबुखद्नेस्सर! बाबेलचा राजा. आत्याची जीभच वळेना, तरी कसंबसं सांगितलं. पाठीत धपाटे खाल्ले ते वेगळेच. या राजाला गर्व झाला आणि देवाने त्याला बैलासारखं गवत खायला लावलं, हे याकोबाने वाचलंच नव्हतं. त्याला ते नाव तेवढं आवडलं.

मग बाळाने दूध सोडलं. सुवार्ता पदराखाली घ्यायची, ते तोंड फिरवायचं आणि रांगत जाऊन गोठ्यातलं गवत खायचं. पुन्हा आत्या आली, पुन्हा नाव काढलं.

"आता एक साधं नाव ठिवा वो," सुवार्ता म्हणाली. "तुमाला नाव पायजे, मला बाळ पायजे."

"ह्ये शेवटचं," याकोब म्हणाला. "लहान नाव हाय. दोनच अक्षरं. ओग."

अरे देवा! ओग म्हणजे बाशानचा राजा. त्याचा पलंग लोखंडी आणि नऊ हात लांब. आत्याने नाव सांगितलं, धपाटे खाल्ले आणि कण्हत घरी गेली. मग बाळ जे वाढायला लागलं ते थांबेचना. पाय दाराबाहेर, डोकं आढ्याला. सुवार्ता त्याला कवेत घ्यायला गेली, तर तिच्या कवेत त्याचा अंगठा तेवढा मावला. तो अंगठा धरून ती बसून राहिली.

आत्याचा निरोप आला, "माझी पाठ सुजलीय. मी काय येत न्हाई. तुमीच या."

मग बाळाला गाडीवर घातलं. बैलांनी त्याला पाहिलं आणि ते दावं तोडून पळाले. मग याकोबाने गाडीला दोर बांधला, खांद्यावर घेतला आणि स्वतःच ओढू लागला. मागून सुवार्ता ढकलत होती. अर्ध्या डोंगरावर दोर रुतून त्याच्या खांद्यातून रक्त आलं. सुवार्तेने पाहिलं. किती चिडली होती ती त्याच्यावर! तरी तिने पदर फाडला, त्याची घडी केली आणि दोराखाली ठेवली.

याकोब तिथेच खाली बसला आणि रडला. म्हणाला, "सुवार्ते, तुझ्यासारखाच एक माणूस शास्त्रात हाय. यिर्मया संदेष्ट्याला दुष्टांनी चिखलाच्या विहिरीत टाकलं व्हतं. त्ये या माणसाला कळलं. यानं दोर सोडला, पर आधी जुन्या चिंध्या सोडल्या. म्हणाला, बाबा, ह्या बगलंत घे, मंग दोर घाल, म्हंजी काचणार न्हाई. मी त्याचं नाव वाचलं आन् म्होरं गेलो. राजवाड्यातला नुसता चाकर, म्हणून."

"काय नाव त्याचं?"

"एबद-मलेख."

मग ते आत्याच्या घरी पोचले. आत्याने ओग काढला. बाळ पुन्हा एवढंसं झालं आणि सुवार्तेने ते छातीशी धरलं. मग तिने आत्याला एबद-मलेखाचं नाव सांगितलं.

"आता चौथं," आत्या म्हणाली. "ह्ये निघायचं न्हाई. बघ बाई, चाकराचं नाव हाय. जन्मभर चाकरी करील."

"करू द्या, वन्सं," सुवार्ता म्हणाली. "दुसऱ्याला दोर काचतो एवढं त्याला कळलं, तरी मला बास."

मग शेजारच्या बायका जमल्या. बाळाला पाळण्यात ठेवलं. आत्या वाकली. कुर्रर्र, एबद-मलेख! सगळ्यांनी पाळण्यात डोकावून पाहिलं. दाढी आली नाही. बाळ गवताकडे रांगलं नाही. पाय पाळण्यातच राहिले. काहीच झालं नाही.

मग बायकांनी रीतीप्रमाणे हात उगारले. आत्याने डोळे गच्च मिटले. तेवढ्यात बाळाने अंगावरचं दुपटं दोन्ही मुठींत धरलं, ओढलं आणि वाकलेल्या आत्याच्या सुजल्या पाठीवर टाकलं! धपाटे पडले ते दुपट्यावर. धप, धप, धप. आत्याला काहीसुद्धा लागलं नाही.

आत्या मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "एवढी बारशी केली मी, पर माझ्या पाठीचा इचार आजवर कुणीच केला न्हवता गं!" आणि बाळ पहिल्यांदा हसलं. सुवार्तेने ते हसू पोटभर पाहून घेतलं.

मग बाळ दूध प्यायलं आणि झोपलं. त्याची आई झोपली, बाबा झोपला, आत्या पालथी झोपली. सगळे सुखात राहिले. आता तुम्हीही डोळे मिटा. आणि शीमोन, ते पांघरूण सगळं स्वतःकडे ओढू नकोस, बहिणीचे पाय उघडे पडलेत.