मांडल्याची तर

पुलावरून खाली बघितलंत की पैलतीराला कातळाचा काळा खडप दिसतो. त्या जागेचं नाव मांडल्याची तर. तर म्हणजे होडीनं खाडी ओलांडायची जागा, एवढंही हल्ली सांगावं लागतं. तिथून होडी बोलवायची ती 'ओ होडीवाले' म्हणून नाही. 'मांडला' अशी हाक घालायची. अलीकडून 'ये तू' असं उत्तर येतं, मगच होडी सुटते. पाहुणे येतात, ओरडतात, हसतात, आणि उत्तराला न थांबता गाडीत बसतात. म्हणून लिहितोय. शाळा चौथीत सुटली माझी, चुका काढत बसू नका.

असं सांगतात की हरबा खडपे इथलाच. खलाशी म्हणून बोटीवर चढला आणि आफ्रिकेत दरबान बंदराच्या गोदीत बरीच वर्षं राहिला. तिथले झुलू हमाल गोऱ्या मालकांपुढे मूठ वर करून ओरडत म्हणे, 'अमांडला'. म्हणजे ताकद. ते एकानं ओरडायचं. बाकीच्यांनी म्हणायचं 'अवेतू', म्हणजे आमची. हरबा परत आला तो एक ट्रंक आणि हा शब्द घेऊन. घरात कुणी उरलं नव्हतं.

त्या काळी खाडीच्या डोहात पहिली जाळी मानकऱ्यांची. त्यांचं पोट भरेपर्यंत बाकी गाव काठावर उभं. हरबा गावकीच्या बैठकीत उभा राहिला. डोह सगळ्यांचा आहे म्हणाला, मूठ वर केली आणि ओरडला, "अमांडला!"

उत्तर कोण देणार? थोरला मानकरी दाजी म्हणाला, "काय मांडलास रे? बाजार?"

सगळी बैठक हसली. ज्यांच्यासाठी तो बोलत होता तेही हसले. हे मुद्दाम लिहितो.

हरबाला वाळीत टाकला. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला होडीत घ्यायचं नाही. तो पैलतीराला खडपामागे झोपडी बांधून राहिला. रोज सांजेला खडपावर येऊन 'अमांडला' ओरडायचा. थांबायचा. कुणीच काही म्हणत नाही म्हटल्यावर खालच्या आवाजात आपणच 'अवेतू' म्हणायचा आणि झोपडीत जायचा. अशी आठ वर्षं गेली म्हणतात.

अलीकडे होडीवर भागी होती. नवरा गेल्यावर वल्हं तिनं घेतलं. खाडीच्या तोंडाशी पाणी कुठं ओढतं ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सांजेला पाण्यावरून खालचा आवाजही अलीकडे येतो. आठ वर्षं ती रोज ते ऐकत होती आणि मान खाली घालून होडीतलं पाणी उपसत होती. एका सांजेला उठली, 'ये तू' म्हणून ओरडली आणि होडी पैलतीराला नेली.

होडीत बसल्यावर हरबानं तिला सांगितलं, की शब्द अवेतू असा आहे.

भागी म्हणाली, "मला ये तू ऐकू यायचं. मला वाटलं, तू मला बोलावतोस. आठ वर्षं आले नाही."

हरबा गावात गेला. वरची आळी, खालची आळी चालला. सगळी दारं लावलेली. तसाच फिरून तरीवर आला आणि म्हणाला, मला परत सोड. पाहुणे विचारतात, मग गाव जागं झालं का? नाही झालं. भागीलाही वाळीत टाकलं, एवढंच झालं.

पुढं रोज सांजेला तो तिकडून हाक मारायचा, ती इकडून 'ये तू' म्हणायची. होडी सुटायची नाही. नुसतं तेवढंच. श्रावणात एकदा हाक आली नाही. भागी पलीकडे गेली. तिनं एकटीनंच त्याला माती दिली.

मग दाजी बाजार करून पैलतीराला आला. दुसरी होडी भरतीच्या त्या ओढीत घालायला कुणी धजेना. त्यानं भागीला नावानं हाक मारली, शिव्या दिल्या, गावकीचा धाक घातला. ती जागची हलली नाही.

"इथली हाक ठरलेली आहे," ती म्हणाली. "ती ऐकू आली की येईन."

भरती चढत होती. खडपावर पाऊल बुडेपर्यंत दाजी थांबला आणि मग ओरडला. मूठ वर केली होती की नाही, यावर अजून वाद आहे. शब्दाची सुरुवात त्यानं गिळली, म्हणून मांडला.

भागीनं 'ये तू' म्हटलं आणि त्याला आणला. त्यानंतर ज्याला यायचं त्यानं तसंच म्हटलं. डोहातल्या पहिल्या जाळ्याचा मान पुढं मोडला. भागी त्यासाठी अडून बसली नव्हती असं माझी आई सांगायची. सांजेला खाडी मुकी राहते, ते भागीला सोसत नव्हतं.

आजही होडी आहे. वल्हं माझ्याकडे आहे. पूल झाल्यापासून आठवडा आठवडा पलीकडे कुणी उभं राहत नाही. सांज झाली की मी काठावर येतो, थोडा थांबतो आणि 'ये तू' म्हणून घरी जातो.