दिवाणांचा 'बाय'

"हा 'टू' कोणी छापला?" दिवाण अच्युतरावांनी पत्रिका भर दरबारात आपटली.

राजकन्या कमळजाराजेंच्या लग्नाची ती इंग्रजी पत्रिका. गोऱ्या पाहुण्यांसाठी दोनशे प्रती छापल्या होत्या. तिच्यात 'मॅरिड' या शब्दापुढे 'टू' होता आणि त्यापुढे नवरदेवाचं, म्हणजे युवराज इंद्रसेनांचं नाव. आणि भिवळी संस्थानात तर दोन महिन्यांपासून दिवाणांचा कायदा लागू होता: इंग्रजीत कर्मणी क्रियापद आलं की त्यापुढे 'बाय'च लावायचा! 'टू', 'विथ', 'इन', 'ॲट' सगळे हद्दपार!

या कायद्यामागची विद्वत्ता अशी, की दिवाणसाहेबांकडे इंग्रजी व्याकरणाचं एक पुस्तक होतं. त्यातलं निम्मं त्यांनी वाचलं, निम्मं वाळवीनं. दोघांत वाळवी बरी. ती निदान कोणाला शिकवायला गेली नाही! कायदा झाल्यापासून संस्थानची पत्रं इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर मेजवानीत मोठ्यानं वाचली जात आणि ऐकणारे पोट धरधरून हसत. दिवाण छाती फुगवून सांगत, "बघा, साहेब किती खूश आहेत!"

राजे रणधीरराव गरजले, "भिकोबा! कायदा मोडलास?"

संस्थानच्या छापखान्यात खिळे जुळवणारा म्हातारा भिकोबा उभा राहिला. त्याच्या मागून त्याची मुलगी गोजरा पुढे झाली. बापाची नजर अधू झाल्यापासून खिळे तीच जुळवायची, आणि जुळवलेल्या ओळीचा अर्थ शाळेतल्या मास्तरांना विचारल्याशिवाय घरी जायची नाही.

"सरकार, 'टू' मी लावला. तिथं 'बाय' लावला असता तर लग्नाचा विचका झाला असता."

"खिळे वेचणारी पोर मला इंग्रजी शिकवणार?" दिवाण फिस्कारले.

राजे हट्टी. दिवाणांवर विसंबून काढलेला हुकूम चुकला, हे एका पोरीकडून ऐकून घेतील तर ते राजे कसले! ते म्हणाले, "उद्याच्या दरबारात 'बाय' चुकीचा आहे हे सिद्ध कर. पण पुस्तक उघडायचं नाही, साहेबाची साक्ष काढायची नाही आणि तोंडातून एकही इंग्रजी शब्द काढायचा नाही! नाही जमलं तर छापखान्याला कुलूप आणि तुम्ही दोघं हद्दीबाहेर!"

घरी भिकोबानं कपाळाला हात लावला. "इंग्रजीची चूक इंग्रजी न बोलता कशी दाखवणार गं?"

"मराठीतून," गोजरा म्हणाली. "दिवाणसाहेबांना तेवढी तरी येत असेल ना!"

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. गोजरानं मुजरा केला. "सरकार, दिवाणसाहेबांचा कायदा घटकाभर मराठीलाही लावा. 'शी', 'ला', 'ना', 'वर' बंद. सगळीकडे फक्त 'ने' आणि 'नी'!"

राजांना गंमत वाटली. "लावला!"

"दिवाणसाहेब, आपण सरकारांचा धाक बाळगता ना?"

"अलबत! मी सरकारांना भि..."

"'ना' बंद आहे!"

"मी... सरकारांनी भितो."

मानकऱ्यांनी मिशीत हसू दाबलं.

"आणि चाकर चुकले तर?"

"चाकरांवर... चाकरांनी रागावतो! सरकार, हा काय पोरखेळ? मी या पोरीला कंटाळलो!"

"'पोरीने कंटाळलो' म्हणा, दिवाणसाहेब! कायदा आपलाच आहे!"

आता हसू कोणालाच आवरेना. दिवाणांची पगडी तिरकी झाली.

"शेवटचं विचारते. राजकन्येचं लग्न कोणाने होणार?"

"युवराजांनी," दिवाण दात खात म्हणाले.

"आणि मंगलाष्टकं म्हणून लग्न लावणारे राजपुरोहित जनार्दनभट? लग्न त्यांनीही होणार ना?"

"हो! त्यांनीही!"

"घ्या! युवराजांनीही आणि भटजींनीही! मग अंतरपाटाच्या पलीकडे नवरा म्हणून उभं कोणी राहायचं?"

कोपऱ्यात डुलक्या घेणारे ऐंशी वर्षांचे जनार्दनभट दचकून उठले. "मी? अहो, मला पणतू आहेत!"

दरबार खो खो हसला. गोजरा मात्र हसली नाही. "सरकार, साहेबाच्या भाषेतही असंच आहे. दिवाणसाहेबांचा तो लाडका शब्द लग्न लावणाऱ्याच्या नावाआधी येतो. तोच युवराजांच्या नावाआधी छापला, तर दोनशे पाहुण्यांना वाटेल युवराज मंगलाष्टकं म्हणायला येताहेत. मग नवरा कोण, हे ते मांडवभर विचारत फिरतील!"

राजांनी एकदम मांडीवर थाप मारली. "अरे हो! लहानपणी आमचे गोरे मास्तर सांगायचे, 'आय वॉज मॅरिड बाय अ पाद्री!' आणि आम्हाला वर्षभर वाटत होतं, मास्तरांनी दाढीवाल्या पाद्र्याशीच लग्न केलं!"

एवढं बोलून राजे जे हसत सुटले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत!

दिवाणांनी शेवटचा डाव टाकला. "पण सरकार, नियम हवाच! कोणत्या क्रियापदापुढे काय लावायचं, त्याचा एक नियम सांगू दे हिला!"

"दिवाणसाहेब, लग्न कोणाशी होतं, राग कोणावर येतो, भितो आपण कोणाला. हा नियम आपल्याला कोणी शिकवला?"

"शिकवायचं काय त्यात? लोकांचं ऐकून येतं ते!"

"मग साहेबाचंही ऐका की थोडं! आजवर नुसतं त्यालाच ऐकवत आलात!"

राजे पुन्हा हसले, इतके की तक्क्यावरून घसरले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं आणि हुकूम सोडला, "कायदा रद्द! आजपासून संस्थानचं प्रत्येक इंग्रजी पत्र आधी गोजरा तपासेल. आणि दिवाणजी, ती पत्रं छापखान्यात तिच्याकडे तुम्ही स्वतः घेऊन जायची. पालखीतून नाही, पायी!"